मचाणावरचा हिशेब

नागपुरातील एखाद्या जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात किंवा बंगल्याच्या व्हरांड्यात लाकडी फळीवर बसवलेली सांबराची शिंगे तुम्ही पाहिली असतील. पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवली जातात. 'आमच्या आजोबांची शिकार!' हे वाक्यही त्याबरोबर ऐकू येते. विद्यार्थी मित्रांनो, ही शिंगे नुसती शोभेची वस्तू नव्हे. हरणाचे शरीर, शिकाऱ्याची विद्या आणि जंगलाचे गणित असे तीन धडे त्यांत दडलेले आहेत. ते एकेक करून पाहू.

शिंग की हाड?

आपण बोलताना काळवीट, चितळ, सांबर या सर्वांनाच हरणे म्हणतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र यांत दोन वेगळी कुळे आहेत. काळवीट, चौशिंगा आणि नीलगाय (आपल्या वऱ्हाडातला रोही) हे गाय-बकरीच्या कुळातले. त्यांचे शिंग आतल्या हाडावर चढवलेल्या पोकळ टोपणासारखे असते. ते जन्मभर टिकते आणि त्याला फाटे फुटत नाहीत.

चितळ, सांबर, भेकर आणि बाराशिंगा यांचे कूळ निराळे. यांचे शिंग म्हणजे भरीव हाडच होय. ते फक्त नराला येते, ठराविक काळाने गळून पडते आणि पुन्हा नव्याने उगवते. वाढत असताना त्यावर मखमलीसारखी लव असलेली त्वचा असते व तिच्यातून रक्त खेळत असते. वाढ पुरी झाली की ही त्वचा सुकते. नर झाडाच्या बुंध्यावर शिंगे घासून ती काढून टाकतो. झाडावर उरलेले हे घासल्याचे ओरखडे जंगलात सहज ओळखता येतात. पूर्ण वाढलेल्या सांबराच्या किंवा चितळाच्या प्रत्येक शिंगाला बहुधा तीन टोके असतात. बाराशिंग्याच्या दोन्ही शिंगांची मिळून दहा-बारा किंवा अधिक टोके होतात, म्हणून त्याचे हे नाव.

मग दरवर्षी गळणारी एवढी शिंगे जातात कुठे? साळिंदर ती कुरतडून खातात. कधी कधी हरणेही ती चघळतात. त्यांतील कॅल्शियम व फॉस्फरस अशा रीतीने पुन्हा प्राण्यांच्याच शरीरात जातात. जंगलात गळलेले शिंग दिसले तर ते तिथेच राहू द्यावे. ते उचलून नेणे कायद्याने गुन्हा आहे.

शिकाऱ्याची विद्या

नागपूर हे १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होते. या प्रांतातील जंगले त्या काळी शिकारीसाठी प्रसिद्ध होती. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचे या डोंगराळ मुलखावरील पुस्तक १८७१ मध्ये निघाले, तर वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचे मध्य भारतातील वन्य प्राण्यांवरील पुस्तक १९२३ मध्ये. दोघेही शिकारी होते, आणि दोघांच्याही लेखनात प्राण्यांचे बारीक निरीक्षण आहे. अर्थात साहेबाला रान दाखवणारे बहुतेक वेळा गावचे गोंड किंवा इतर वनवासी वाटाडे असत. पुस्तकांवर त्यांची नावे आली नाहीत, पण रान वाचण्याची विद्या मुळात त्यांची होती.

या विद्येतला पहिला पाठ वाऱ्याचा. हरणाचे नाक अतिशय तीक्ष्ण असते. म्हणून वाटाड्या चिमूटभर धूळ किंवा राख हवेत सोडून वाऱ्याची दिशा पाही आणि वारा तोंडावर घेऊनच पुढे सरके.

दुसरा पाठ खुणांचा. चितळाचा खूर टोकदार आणि दुभंगलेला, त्याचा ठसा सुमारे पाच सेंटिमीटर लांबीचा असतो. सांबराचा तसाच, पण बराच मोठा. रानडुकराच्या ठशात मऊ जमिनीवर मागच्या दोन उपखुरांच्या खुणाही उमटतात. ठशाच्या कडा धारदार असतील तर प्राणी नुकताच गेला. कडा ढासळल्या असतील किंवा त्यावर कोळ्याचे जाळे असेल तर ठसा जुना.

तिसरा पाठ आवाजांचा. वाघ-बिबट्याची चाहूल लागली की चितळ तीव्र, आखूड शीळ घातल्यासारखे ओरडते, शेपटी उभारते आणि पुढचा पाय जमिनीवर आपटते. सांबराचा 'पोंक' असा घोष दूरवर जातो. भेकर तर कुत्र्यासारखे भुंकते. झाडावरच्या वानरांचे खेकसणेही याच प्रकारचे. वानरे आणि चितळे पुष्कळदा एकत्र दिसतात. वानरे खाताना पाने व फळे खाली टाकतात, ती चितळांना आयती मिळतात. शिवाय वानराला उंचावरून दूरचे दिसते आणि चितळाला जमिनीवरचा वास व चाहूल लागते, त्यामुळे पहारा दुहेरी होतो.

मचाण तेच, काम निराळे

उन्हाळ्यात पाणवठे आटतात. उरलेल्या एखाद्या डबक्यावर सारे जंगल पाण्याला येते. शिकारी अशा पाणवठ्यावरच्या झाडावर मचाण बांधून बंदूक घेऊन बसत. आज विदर्भातील अनेक अभयारण्यांत वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या रात्री निसर्गप्रेमी अशाच मचाणांवर बसतात. हातात बंदुकीऐवजी वही-पेन्सिल असते. चंद्रप्रकाशात पाण्यावर कोण कोण आले, किती वाजता आले, हे ते टिपतात.

हा अनुभव मोठा आनंदाचा असतो. पण ही खरी मोजणी आहे का? थोडा विचार करा. एकच सांबर रात्रीतून दोनदा येऊ शकते. तेच सांबर दुसऱ्या पाणवठ्यावरही मोजले जाऊ शकते. एखादे त्या रात्री येतच नाही. अशा नोंदीवरून कोणते प्राणी आहेत हे कळते, पण ते नेमके किती हे सांगता येत नाही.

त्यासाठी शास्त्रज्ञ एक निराळी युक्ती वापरतात. जंगलात सुमारे दोन किलोमीटरची सरळ रेषा आखून घेतात. पहाटे तीवरून शांतपणे चालत जातात. दिसलेला प्रत्येक कळप रेषेपासून किती दूर आहे ते लिहितात. समजा, एका रेषेवर पुढीलप्रमाणे नोंद झाली :

० ते २० मीटर अंतरात : २० चितळे
२० ते ४० मीटर अंतरात : १२ चितळे
४० ते ६० मीटर अंतरात : ५ चितळे

रेषा आपण आपल्या सोयीने आखलेली आहे. ती पाहून चितळांनी तिच्याजवळ गर्दी करण्याचे काही कारण नाही. म्हणून तिन्ही पट्ट्यांत सरासरीने सारखीच, म्हणजे २० च्या आसपास चितळे असली पाहिजेत. दूरच्या पट्ट्यांत ती कमी दिसली याचा अर्थ झाडीमुळे ८ आणि १५ आपल्या नजरेतून सुटली. दिसली ३७, पण असावीत ६०! न दिसलेल्या प्राण्यांची संख्या दिसलेल्यांवरून काढण्याची ही पद्धत किती साधी आणि सुंदर आहे पाहा. प्रत्यक्षात अनेक रेषांवर अनेकदा चालावे लागते आणि गणितही थोडे अधिक असते, परंतु मूळ कल्पना हीच.

वाघाचा वाटा

पण हरणे मोजायची कशासाठी? येथे आपण मुख्य मुद्द्याशी येतो. वाढलेला वाघ आठवड्याला साधारण एक मोठे जनावर मारतो, म्हणजे वर्षाला सुमारे ५०. आणि वाघ एका जंगलातील भक्ष्य प्राण्यांपैकी वर्षाला साधारण एक-दशांश मारतो असे अभ्यासावरून दिसते. म्हणजे एका वाघामागे जंगलात सुमारे ५०० चितळे, सांबरे, रानडुकरे असावी लागतात. वर्षभरात जन्मणारी पाडसे ही तूट भरून काढतात आणि हिशेब जुळतो.

आता या हिशेबात माणूस आला असे समजू. एक सोपे उदाहरण घ्या. ५०० हरणे आहेत. दरवर्षी त्यांत दहा टक्के भर पडते. वाघ ५० मारतो. संख्या स्थिर राहते. कोणी तरी फासे लावून वर्षाला फक्त २५ हरणे पकडू लागला, म्हणजे पंधरा दिवसांतून एक. पहिल्या वर्षाअखेर ४७५ उरतात. आता दहा टक्के भर ४७ चीच पडते, पण वजा होतात ७५. तिसऱ्या वर्षाअखेर उरतात सुमारे ४१७, पाचव्या वर्षाअखेर ३४७, आणि दहाव्या वर्षाअखेर केवळ १०२! बाराव्या वर्षी एकही उरत नाही. अर्थात त्यापूर्वीच वाघ भुकेने तेथून निघून गेलेला असेल, किंवा गावाच्या गुरांकडे वळलेला असेल. एकही गोळी न झाडता वाघ नाहीसा होतो तो असा.

बाराशिंग्याचा धडा

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. त्या काळच्या मध्य प्रांतातीलच कान्हाच्या कुरणांत १९३८ च्या सुमारास अंदाजे ३,००० बाराशिंगे होते. १९७० मध्ये उरले अवघे ६६. शिकार हे त्याचे एक कारण. कुरणांची हानी, वारंवार लावलेल्या आगी आणि गुरांकडून येणारे रोग ही इतर कारणे. इंग्रजी अमदानीत शिकारीचे परवाने, प्राण्यांची ठरलेली संख्या व बंदीचा काळ असे नियम होते. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाडी, प्रखर दिवे आणि पीकरक्षणाच्या नावाने मिळालेल्या बंदुका आल्या, तेव्हा नर-मादी हा विवेकही उरला नाही. गंमत अशी की, या बाराशिंग्याच्या शास्त्रीय नावात 'ब्रँडेरी' हा शब्द आहे. तो वर उल्लेखिलेल्या शिकारी वनाधिकाऱ्याच्याच नावावरून आला.

१९५५ मध्ये, नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी असतानाच, कान्हा आणि ताडोबा ही राष्ट्रीय उद्याने झाली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना घेऊन खेळ म्हणून करण्याची शिकार संपली. कान्हात कुरणे राखली गेली, बाराशिंग्यांना काही काळ कुंपणाआड सुरक्षित वाढू दिले गेले. त्यानंतर तेथे त्यांची संख्या पुन्हा बरीच वाढली.

तिकडे चालते, मग इकडे का नाही?

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, अमेरिकेच्या उत्तरेकडील विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत आजही दर नोव्हेंबरमध्ये लाखो लोक हरणांची शिकार करतात, ते कसे? प्रश्न रास्त आहे. तेथील पांढऱ्या शेपटीच्या हरणाला चांगला चारा मिळाला तर जुळी पिले होतात. आपल्या चितळ-सांबरांना बहुधा एकच. तेथील लांडगे माणसाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ संपवले होते. आता ते परतले असले, तरी शेती व वस्तीच्या भागात हरणे वाढतच राहतात. म्हणून सरकार मोजणी करून, परवाने देऊन शिकार करू देते. शिकारी भडक नारिंगी कपडे घालतात. हरणाला तांबडा-नारिंगी रंग नीट ओळखता येत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला तो लगेच दिसतो व अपघात टळतो.

आपल्याकडे पेंच, ताडोबा, नागझिरा, बोर येथे वाघ, बिबटे व रानकुत्रे आहेत. तिकडच्या शिकाऱ्याच्या वाट्याची वाढ इकडे त्यांच्या पोटी जाते. आपल्याला काढून घेण्यासारखी शिल्लक राहत नाही.

शेतकऱ्याचे दुःखही मात्र विसरता येणार नाही. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत उभे पीक झोपवतात. हतबल होऊन कोणी कुंपणात विजेचा प्रवाह सोडतो. ती तार रोही, सांबर, वाघ आणि अंधारात पाणी द्यायला निघालेला शेजारी यांत भेद करत नाही. नुकसानभरपाई वेळेवर मिळणे आणि पीक राखण्याचे निर्धोक उपाय शोधणे, हे काम तुमच्या पिढीपुढे आहे.

करून पाहा

१. गवत वाढलेल्या मैदानात ३० मीटर रुंदीचा पट्टा घ्या. मित्राला ६० काड्यापेट्या खाकी कागदात गुंडाळून त्यात सगळीकडे सारख्या विखरायला सांगा. मधोमध दोरी लावा व तिच्यावरूनच चाला. दिसलेल्या पेट्या ०–५, ५–१० आणि १०–१५ मीटर अशा गटांत लिहा. वरील पद्धतीने एकूण संख्या काढा. ६० च्या किती जवळ आलात?

२. वरच्या उदाहरणात २५ ऐवजी वर्षाला १० हरणे पकडली, तर दहा वर्षांनी किती उरतील? दर वर्षाचा आकडा काढून आलेख काढा.

३. घरी भिंतीवर जुनी शिंगे असतील तर टोके मोजा. ती पोकळ आहेत की भरीव ते पाहा, आणि ओळखा कोणाची ते.