गृहप्रवेशाआधी कोणते काम, नंतर कोणते?

प्रश्न : लातूरमध्ये स्वतःच्या प्लॉटवर गृहकर्ज काढून घर बांधले आहे. स्लॅब, वीटकाम, गिलावा झाला आणि कर्जाची रक्कम संपली. फरशी, नळकाम, वायरिंग, रंग, ओटा, पीओपी, कपाटे मिळून गुत्तेदाराने सात लाखांचा एकरकमी आकडा दिला आहे. पाच लाख कमी पडतात आणि मुहूर्त जवळ आला आहे. वैयक्तिक कर्ज काढून सगळे एकदम उरकावे, की राहायला जाऊन सवडीने करावे?
– एक वाचक, लातूर

उत्तर : दोन्ही नको. सात लाखांच्या या आकड्यात दोन निराळे खर्च एकत्र झाले आहेत. ते आधी सुटे करा. फरशी, नळकाम, वायरिंग, संडास-न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग, दारे-खिडक्या आणि ओटा हा घराचाच भाग आहे. त्याशिवाय घर राहण्याजोगे होत नाही. कपाटे, पीओपी, पडदे ही सजावट. पहिल्या कामांसाठी कर्ज काढायला हरकत नाही. मात्र ते गृहकर्ज वाढवून आणि गृहप्रवेशाच्या आधी. सजावटीसाठी कर्ज काढूच नये.

प्राप्तिकराचे नियमही हाच फरक मानतात. जुन्या करप्रणालीत, स्वतः राहण्याच्या घराच्या बांधकाम-कर्जावरील व्याजाची वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते; कर्ज घेतले त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण व्हावे, एवढी अट आहे. दुरुस्ती किंवा नूतनीकरणासाठी कर्ज घेतले तर ही मर्यादा थेट ३० हजारांवर येते. मुद्दलाच्या परतफेडीवर दीड लाखापर्यंतची जी वजावट आहे, तिच्यातून तर पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर किंवा घरात राहायला गेल्यानंतर केलेली भर, बदल आणि दुरुस्ती स्पष्टपणे वगळली आहे. मुहूर्त साधायला कच्च्या जमिनीवर संसार मांडला आणि सहा महिन्यांनी कर्ज काढून फरशी बसवली, तर हाच खर्च बांधकामाचा की नंतरची भर, असा वाद तुम्ही स्वतःहून ओढवून घेता. म्हणून घराचा भाग असलेली कामे आधी, प्रवेश नंतर.

यावर कोणी म्हणेल, आम्ही नव्या करप्रणालीत आहोत, तिथे स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाला वजावटच नाही. खरे आहे. पण व्याजदराचा फरक उरतोच. उदाहरणादाखल वैयक्तिक कर्जाचा दर १३ टक्के आणि गृहकर्जाचा ९ टक्के धरू. पाच लाख पाच वर्षांत फेडायचे तर पहिल्यात सुमारे १ लाख ८३ हजार व्याज जाते, दुसऱ्यात सुमारे १ लाख २३ हजार. इथे एक धोका मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. बँक हेच पाच लाख २० वर्षांच्या मुदतीत बसवून देईल, हप्ता साडेचार हजारांवर येईल, आणि एकूण व्याज होईल सुमारे ५ लाख ८० हजार! स्वस्त दराचे कर्ज लांबवले की महागड्या कर्जापेक्षाही महाग पडते. तरत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडले तर वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुदत कमी घ्या, नाहीतर दर वर्षी जादा रक्कम भरा.

दुसरा आक्षेप गुत्तेदाराचा असतो : एकरकमी गुत्ता दिला तर स्वस्त पडते, माणसे पुन्हा मिळत नाहीत. स्वस्त पडेलही, पण पैसे आधी आणि काम नंतर अशा व्यवहारात मालकाच्या हाती काही उरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर याच जिल्ह्यात हजारो कुटुंबांनी सरकारी मदतीतून आपली घरे स्वतः दुरुस्त करून घेतली. ती मदत एकदम हातात दिली नव्हती, काम पाहून हप्त्याहप्त्याने दिली होती. बँकही बांधकाम-कर्ज तसेच सोडते. तोच नियम तुमच्या गुत्तेदाराला लावा. माल कोणाचा, ब्रँड कोणता, दर कशावर, उचल किती, हे कागदावर घ्या आणि शेवटचा हप्ता नळ-वायरिंगची चाचणी होईपर्यंत हातात ठेवा. स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी बांधलेल्या घराला रेराचे संरक्षण नाही. सदोष कामाबद्दल दाद मागायची ती जिल्हा ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. पण करारपत्र आणि बँकेतून दिलेल्या पैशांचा पुरावा नसेल तर तिथे उभे राहणे कठीण.

पाच लाखही पूर्ण मिळाले नाहीत, तर कात्री कुठे लावायची? एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हौद, छतावरच्या पाण्याचे पुनर्भरण आणि गळती नसलेले नळकाम यांवर काटकसर करू नये. भिंतीतली पाइप आणि वायर नंतर बदलायची म्हणजे फरशी फोडणे आले. पीओपी दोन वर्षांनी केले तरी काही फुटत नाही. रंगाचा शेवटचा हात थांबू शकतो, कपाटे नक्कीच थांबू शकतात.

या आठवड्यात गुत्तेदाराकडून दोन वेगळी अंदाजपत्रके मागा. घराच्या भागाचे अंदाजपत्रक, मंजूर नकाशा आणि झालेल्या कामाची बिले घेऊन तुमच्याच बँकेकडे कर्जवाढीचा अर्ज करा. रक्कम मंजूर होऊन फरशीचे काम संपेपर्यंत मुहूर्त पुढे ढकलावा लागला, तर खुशाल ढकला.