विरळ हवेचे पठार

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर होय. त्याची उंची १,६४६ मीटर आहे. परंतु हिमालयाच्या उत्तरेस असा एक विस्तीर्ण प्रदेश आहे, की तेथील बहुतेक भूमीच या शिखराच्या अडीचपट उंचीवर वसलेली आहे. हा प्रदेश म्हणजे तिबेटचे पठार. समुद्रावरून येणारे पावसाळी वारे हिमालयाला अडतात. त्यामुळे पठाराच्या बऱ्याच भागात पाऊस बेताचाच पडतो. वृक्ष विरळ, थंडी कडक आणि वारा बोचरा. अशा ठिकाणीही मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे.

थंडीवर त्याने बुद्धीने मात केली. जव हे धान्य थंड हवेतही तग धरते. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी त्याची लागवड या पठारावर सुरू झाली आणि ३,००० मीटरांहून अधिक उंचीवर बारमाही वस्ती करणे शक्य झाले. भाजलेल्या जवाचे पीठ, म्हणजेच त्साम्पा, हे आजही तेथील प्रमुख अन्न आहे. याक हा केसाळ प्राणी ओझी वाहतो, दूध व लोकर देतो. आणि जेथे लाकूड मिळत नाही, तेथे त्याचे वाळलेले शेण जळणास उपयोगी पडते.

परंतु एक उणीव अशी आहे, की ती लोकरीने किंवा चुलीतील जाळाने भरून निघत नाही. ती म्हणजे प्राणवायूची. ४,००० मीटर उंचीवर प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने सुमारे तीन-पंचमांशच असतो. सखल प्रदेशातील मनुष्य तेथे गेला, की त्याला धाप लागते व त्याचे डोके दुखते. काही दिवसांनी त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी वाढू लागतात. पण त्या मर्यादेबाहेर वाढल्या, तर रक्त दाट होऊन हृदयावर भार पडतो. अशा उंचीवर सखल प्रदेशातून आलेल्या स्त्रियांची मुले बहुधा कमी वजनाची जन्मतात.

तिबेटी लोकांचे तसे होत नाही. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फारशा वाढत नाहीत. त्यांच्या रक्तवाहिन्यांतून रक्त मात्र अधिक प्रमाणात वाहते. हा गुण कोणी प्रयत्नाने कमावलेला नाही. ज्या थोड्या लोकांत तो जन्मतः होता, त्यांची मुले अधिक संख्येने जगली आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पसरत गेला. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरही लोक सहस्रावधी वर्षे राहत आले आहेत. पण त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी अधिक असतात. संकट एकच, परंतु शरीराने शोधलेली वाट निराळी!

तिबेटी लोकांच्या या गुणाशी निगडित असलेले एक जनुक शास्त्रज्ञांनी २०१० साली ओळखले. ते आले कोठून, याचा उलगडा २०१४ साली झाला. सायबेरियातील डेनिसोवा गुहेत एका लुप्त मानवजातीचे अवशेष सापडले होते. तिबेटी लोकांतील ते जनुक या डेनिसोवन मानवांकडून आलेले आहे. याच मानवांच्या जबड्याचे एक हाड तिबेटच्या पठारावरील एका गुहेत १९८० साली मिळाले होते. ते किमान १,६०,००० वर्षांपूर्वीचे असल्याचे २०१९ साली सिद्ध झाले.

डेनिसोवन मानव आज पृथ्वीवर नाहीत. तथापि पठारावरील मेंढपाळाचे मूल विरळ हवेत सुखाने श्वास घेते, त्यात त्या अनाम पूर्वजांचाही वाटा आहे. भूमी व हवामान मनुष्याला घडवितात हे खरे. परंतु त्या घडणीसाठी लागणारे धन अनेक मानवसमूहांकडून आलेले असते. म्हणूनच कोणत्याही समाजाने आपले रक्त निर्भेळ असल्याचा अभिमान बाळगणे व्यर्थ होय.

स्वाध्याय
१. जव आणि याक यांचा तिबेटी लोकांस कोणता उपयोग होतो?
२. रक्तातील तांबड्या पेशी फार वाढणे अपायकारक का असते?
३. ‘संकट एकच, परंतु वाट निराळी’ हे विधान स्पष्ट करा.