ताणलेला हात आधी सैल करा

घटस्फोट आणि मुलाचा ताबा हे कोर्टाचे विषय. ते आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचक विचारतील. पण तारीख जवळ आली की रक्तदाब वाढतो, झोप उडते, पित्त खवळते. घरातले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, शाळेच्या वेळेला त्याचे पोट दुखते. तपासण्यांत अनेकदा काही सापडत नाही. अशा दुखण्यावर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. मोठ्यांच्या रागावरही उपचार लागतो.

या बाबतीत जपानकडून शिकण्यासारखे आहे. तिथल्या सामुराई योद्ध्यांपैकी अनेकांनी मनाच्या शिस्तीसाठी झेन पंथाचा आधार घेतला. 'झेन' हा शब्द आपल्या 'ध्यान' शब्दापासूनच चीनमार्गे जपानला पोचला. ताकुआन सोहो (१५७३-१६४५) या झेन भिक्षूने तलवारबाजीतले गुरू याग्यू मुनेनोरी यांना समजावले होते, की मन समोरच्याच्या तलवारीवर अडकले की आपली हालचाल थांबते आणि घाव बसतो.

कोर्टाच्या भांडणात नेमके हेच घडते. 'तिने अर्जात काय लिहिले', 'तो साक्षीत काय बोलला' यातच मन अडकते. मुलाचा ताप, परीक्षा, जेवण नजरेआड होते.

एदो, म्हणजे आजचे टोकियो. तिथले न्यायाधीश ओओका तादासुके (१६७७-१७५२) हेही सामुराईच. त्यांच्याविषयी एक लोककथा आहे. एका मुलावर दोन बायकांनी हक्क सांगितला. ओओकांनी दोघींना मुलाचा एकेक हात धरून ओढायला सांगितले. मूल रडू लागताच एकीने हात सोडला. मूल तिलाच मिळाले! आपल्या जातककथांतही अशीच गोष्ट आहे.

हात सोडणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. आपली बाजू वकिलामार्फत जरूर मांडा. फक्त मुलाला ओढू नका. आपल्याकडच्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मध्येही मुलाचे कल्याण हीच सर्वांत महत्त्वाची बाब मानली आहे.

शांत राहणे म्हणजे मार खात राहणेही नव्हे. कामाकुरा येथील तोकेइ-जी हे झेन मंदिर १२८५ साली एका सामुराई सत्ताधीशाच्या विधवेने स्थापले. पुढे नवऱ्याचे घर सोडून आलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे; ठरावीक काळ राहिल्यावर घटस्फोटही मिळे. आपल्याकडे मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घ्यावा.

रोज करण्यासारखे :

१. सकाळी दहा मिनिटे ताठ बसा. प्रत्येक उच्छ्वास मोजा, एक ते दहा, मग पुन्हा एकपासून. मन भरकटले तर चिडू नका, पुन्हा एकपासून सुरू करा. झेन साधक असेच बसतात.

२. राग आला असता पत्र, निरोप किंवा फोन करू नका. रात्रभर थांबा.

३. मुलाच्या हाती निरोप पाठवू नका. 'तू कोणाकडे राहणार?' असे विचारू नका.

४. मुलासमोर दुसऱ्या पालकाची निंदा नको. मूल दोघांचेही असते. निंदा त्यालाच लागते.

५. भेटीची वेळ पाळा. मूल सोपवताना दारात वाद घालू नका.

६. 'आमच्या भांडणात तुझा काही दोष नाही' हे मुलाला स्पष्ट सांगा, आणि पुन्हा पुन्हा सांगा.

मुलाची झोप, भूक किंवा अभ्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेला असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आपल्याला जगणे नकोसे वाटत असेल किंवा मूल तसे बोलत असेल, तर एक दिवसही थांबू नका. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, मूल मोठे होणार आहे ते दोघांच्या वागण्याच्या आठवणी घेऊन.