ल्यूथरची नाणी जमवताना: काय करावे, काय टाळावे

काय करावे

• आधी साल पाहावे. १७ वर संपणारे साल बहुधा मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये सुरू केलेल्या धर्मसुधारणेचे. ३० वर संपणारे असेल, तर २५ जून १५३० रोजी ऑग्सबर्गला पवित्र रोमन सम्राटापुढे वाचलेल्या ल्यूथरपंथी श्रद्धानिवेदनाचे. ८३ दिसले की ल्यूथरच्या जन्माचे (१४८३).

• नाणे कोणी पाडले, हे त्यावर कोण आहे याआधी विचारावे. सॅक्सनीच्या १६१७ मधल्या गाजलेल्या थालरवर (चांदीच्या मोठ्या नाण्यावर) ल्यूथरचा चेहराच नाही. एका बाजूला तेव्हाचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला संस्थानिक) योहान गेओर्ग पहिला, दुसऱ्या बाजूला ल्यूथरला आसरा देणारा फ्रेडरिक द वाइज. १६३० चा थालर तर आणखी बोलका आहे. आदल्याच वर्षी सम्राट फर्डिनांड दुसरा याने, १५५२ नंतर प्रॉटेस्टंटांनी घेतलेल्या चर्चच्या मालमत्ता परत करण्याचा हुकूम काढला होता. अशा वेळी शंभर वर्षांपूर्वीच्या श्रद्धानिवेदनाचे नाणे पाडणे म्हणजे सम्राटाला दिलेले उत्तरच होते, असे मला वाटते.

• १९८३ ची दोन्ही जर्मनींची नाणी शेजारी ठेवावीत. पश्चिमेने तांबे-निकेलचे ५ मार्कचे एकच नाणे काढले. पूर्वेने मात्र चांदीचे २० मार्क काढले आणि वार्टबुर्ग, विटेनबर्ग, आइसलेबेन या ल्यूथरशी निगडित ठिकाणांची ५ मार्कची मालिकाही. तिथल्या ल्यूथर समितीचा अध्यक्ष खुद्द एरिक होनेकर, कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख! ही जोडी संग्रहात हवीच.

• वजन करावे.

काय टाळावे

• मूल्य लिहिलेले नाही म्हणून पदक समजू नये. जुन्या थालरवर ते सहसा नसेच. सॅक्सन थालर ओळखायचा तो साधारण २९ ग्रॅम वजनावरून. दागिना म्हणून लावलेली कडी काढून बुजवलेल्या जागेसाठी कड नीट तपासावी.

• चांदी घासू नये. काळसर झाक गेली की किंमतही गेली.

• १९१७ चे सॅक्सनीचे ३ मार्क, फ्रेडरिक द वाइजचे, स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नये. मुल्डेनह्यूटेनच्या टांकसाळीत त्याचे अवघे १०० नग पडले. नकला मात्र भरपूर. तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय हातही लावू नये.

• सॅक्सन थालरवर इलेक्टरच्या खांद्यावरची तलवार पाहून युद्धाची गोष्ट रचू नये. सॅक्सनीचा इलेक्टर साम्राज्याचा महामार्शल असे. ती त्या पदाची खूण.

• प्रॉटेस्टंट म्हणजे ल्यूथरपंथी असे धरू नये. अमेरिकेचा १९२४ चा ह्यूगेनॉट (फ्रेंच प्रॉटेस्टंट) अर्धा डॉलर कॅल्विनपंथीयांचा आहे.

• १९३३ ची २ आणि ५ राइशमार्कची ल्यूथर नाणी लपवू नयेत. ल्यूथरच्या जन्माचे ४५० वे वर्ष आणि हिटलरचे सत्तेवर येणे एकाच वर्षातले. दोन्ही गोष्टी चिठ्ठीवर लिहाव्यात.