आधी उत्तर दे, मग स्क्रीन बघ

सातारा

चि. सायली,


ॲपवर दातांची मॉडेल्स फिरवून बघते, ऑनलाइन केसेस सोडवते, मग लॅबमध्ये एवढे तास कशाला घालवायचे, असं तू विचारलंस. प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की, जे साधन तुला प्रश्न विचारतं ते रोज वापर. जे नुसतंच दाखवतं, ते बघून झालं म्हणजे अभ्यास झाला असं समजू नकोस.

वरची पहिली दाढ घे. तिला सहसा तीन मुळं, दोन गालाकडची आणि एक टाळूकडचं. गालाकडच्या पुढच्या मुळात बरेचदा दुसरा कॅनाल दडलेला असतो. एक्स-रेमध्ये ही मुळं एकमेकांवर येतात, म्हणून थ्रीडी मॉडेल खरंच कामाचं. पण आधी कागदावर आठवून दाढ काढ, मुळांसकट, आणि मगच मॉडेल उघड. आपली चुकलेली रेघ डोक्यात बसते, गरगर फिरवलेलं चित्र बसत नाही.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र लिहिणाऱ्यांनी बाजी मारली. आणि व्हायव्हा काही पाच मिनिटांनी नसते! म्हणून क्विझमध्ये पर्याय झाकून आधी उत्तर बोल.

परदेशी ॲप वापरताना आधी दातांचे क्रमांक बघ. आपल्या एफडीआय पद्धतीत १६ म्हणजे वरची उजवी पहिली दाढ. अमेरिकेतल्या पद्धतीत १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. गल्लत झाली तर परीक्षेत एक मार्क जाईल, पेशंटच्या तोंडात भलताच दात जाईल.

ऑनलाइन केसेस जरूर सोडव. थंड लावल्यावर कळ किती वेळ टिकते, ठोकल्यावर दुखतं का, कुठला एक्स-रे काढायचा, हा क्रम तिथे छान पक्का होतो. फक्त तिथला पेशंट ‘४६ दुखतोय’ असं स्वच्छ सांगतो. पुढच्या वर्षी ओपीडीत येणाऱ्या मावशी अख्ख्या गालावरून हात फिरवतील. दाताच्या नसेचं दुखणं नेमकं कुठलं हे पेशंटला बरेचदा कळत नाही. वरची दाढ ठणकत असताना तो कधीकधी खालची दाखवतो. ते शोधायला माणसाशीच बोलावं लागतं.

हाताचं शिक्षणही वेगळं. हाताला दाब जाणवून देणारे सिम्युलेटर आता निघालेत. कॉलेजात असेल तर सोडू नकोस. पण मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारा एअरोटर धरून, पाण्याचा फवारा उडत असताना, आरशात उलटं बघून काम करायचं, बोटाचा आधार ढळू द्यायचा नाही, हे फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, काम केल्याशिवाय येत नाही. सायकल शिकण्यासारखंच ते, बघून जमत नाही.

म्हणून दोन्हींची सांगड घाल. क्लास टू कॅव्हिटी करायच्या आदल्या रात्री व्हिडिओ एकदा बघ, बंद कर आणि पायऱ्या लिहून काढ. दुसऱ्या दिवशी टायपोडॉन्टच्या खोट्या दातांवर कॅव्हिटी कर आणि सरांना दाखव. ते जिथे नाक मुरडतील, तेवढाच भाग रात्री पुन्हा बघ.

आणि एक सक्त ताकीद. क्लिनिक सुरू झालं की पेशंटचा फोटो किंवा नाव असलेला एक्स-रे कुठल्याही ॲपवर, ग्रुपवर टाकायचा नाही. अभ्यासासाठी हवा असेल तर आधी पेशंटची परवानगी, कॉलेजची परवानगी, आणि नाव काढून.

दिवाळीत आलीस की माझ्या क्लिनिकमध्ये बस. पेशंटच्या परवानगीने तपासणी तुला दाखवेन, पण मी तोंड उघडण्याआधी निदान तू सांगायचंस.

तुझी,
आत्या