खोट्या मापाची पारख

तराजूचा कांटा अडकला असेल तर त्यावर तोललेलें धान्य खरें मानतां येत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु कांटा अडकला आहे, हेंच कसें ओळखावें? विजेच्या जाळ्यावर देखरेख करणारांपुढें हा प्रश्न सदैव उभा असतो. निरनिराळ्या उपकेंद्रांतून येणाऱ्या मापांशीं शक्य तितकी जुळेल अशी जाळ्याची स्थिति गणितानें काढण्याची रीत अमेरिकेंतील फ्रेड श्वेपे व त्यांचे सहकारी यांनीं १९७० सालीं मांडली. लजांद्र यांनीं १८०५ सालीं प्रसिद्ध केलेलें न्यूनतम वर्गांचें तत्त्व हा तिचा पाया होय.

आपण एक उदाहरण घेऊं. एका उपकेंद्रांत १०० मेगावॅट शक्ति येते व दोन तारमार्गांनीं बाहेर जाते. मापकें पहिल्या मार्गावर ६० व दुसऱ्यावर ४५ दाखवितात. बेरीज १०५! कोणतें तरी माप खोटें; पण कोणतें, हें एवढ्यावरून कळत नाहीं. दुसऱ्या मार्गाच्या पलीकडील टोंकाचें मापक ४० दाखवितें. (मार्गांतील घट आपण सोडून देऊं.) चारही मापें सारखींच विश्वासार्ह मानून हिशेब केला, तर दोन मार्गांवरील शक्ति ५९ व ४२, म्हणजे एकूण १०१ येते. याच्याशीं ताडून पाहतां १०० हें माप १ नें कमी, ६० हें १ नें अधिक, ४५ हें ३ नें अधिक व ४० हें २ नें कमी ठरतें.

एकाच्या खोटेपणाचा डाग तीन निर्दोष मापांसही लागला, हें येथें ध्यानांत घ्यावें. म्हणून संशय येतांच सर्वांस हांकलूं नये. अपेक्षित फरकाच्या मानानें ज्याचा फरक सर्वांत मोठा, तें एकच माप वगळून हिशेब पुन्हां करावा. ४५ वगळतांच ६० व ४० येतात आणि उरलेलीं तिन्ही मापें तंतोतंत जुळतात.

मात्र जेथें पडताळ्यास दुसरें माप नाहीं, तेथें फरक शून्यच येतो. एकट्या साक्षीदाराचें असत्य उघडकीस येत नाहीं.

कधीं मापें खरीं असून जाळ्याचा नकाशाच खोटा असतो. १४ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागांतील एका देखरेख-केंद्रांत हिशेब जुळेना, कारण एक तारमार्ग बंद पडल्याची नोंद नकाशांत झाली नव्हती. चूक सुधारली, परंतु हिशेब आपोआप चालविणारी योजना पुन्हां सुरू करण्याचें राहून गेलें. त्याच दिवशीं दुपारीं अमेरिका व कॅनडांतील सुमारें पांच कोटी लोकांची वीज गेली. त्या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं. हें त्यांतील एक.

प्रयोगशाळेंत एखादें माप इतरांशीं जुळलें नाहीं, तर तें खोडण्यापूर्वीं पुन्हां घ्यावें. आणि जुळलें तरी तें दुसऱ्या रीतीनें पडताळावें, एवढेंच आम्हांस आमच्या विद्यार्थिमित्रांस सांगावयाचें आहे.