मार्थेचे मन कोठे होते?

शास्त्रपाठ : लूक १०:३८-४२, योहान ११:१७-२७, १२:१-२



एका रविवारी शब्बाथ शाळेत हजेरी घेत असता एक मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, आईला दवाखान्यात ठेवलंय." माझ्या मनात त्या वेळी गीतांचे क्रमांक, न आलेला पेटीवादक आणि दुपारची कमिटीची सभा. मी म्हणालो, "बरं बरं, जागेवर बस." तो बसला. त्याचे शब्द मला रात्री आठवले, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

मार्थेचे असेच झाले. यरुशलेमेपासून सुमारे तीन किलोमीटरवरील बेथानी गावात राहणाऱ्या याच मार्थेने प्रभूला आपल्या घरी उतरवून घेतले होते. सेवा हा तिचा दोष नव्हे. चाळिसाव्या वचनात लूकाने वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'चहूकडे ओढले जाणे' असा आहे. तिचे हात कामात, डोळे बहिणीवर आणि मन तक्रारीत. ज्याच्यासाठी एवढी धावपळ, त्याच्याकडेच लक्ष नव्हते.

मरीया मदत करीत नाही म्हणून आपण त्रासलो, असे तिला वाटत होते. प्रभूने दोनदा नाव घेऊन तिला हाक मारली आणि त्रासाचे मूळ तिच्याच काळजीत आहे हे दाखवले. आपलीही स्वतःशी खरी ओळख अशीच होते.

पुढे लाजार मरण पावला तेव्हा हीच मार्था प्रभूला सामोरी गेली. मनातले दुःख तिने सरळ सांगितले, त्याचे ऐकले आणि आपला विश्वास प्रकट केला. त्यानंतरच्या भोजनाच्या वेळीही ती वाढीतच होती. काम तेच, पण तेथे तिची तक्रार नाही.

उद्याच्या कामाचा विचार करणे हे पाप नव्हे. पण घाण्याच्या बैलासारखे मन त्याच त्या विचाराभोवती फिरू लागले, की समोरचा माणूस दिसेनासा होतो. म्हणून आपण असे करावे :

१. वर्गापूर्वी दोन मिनिटे शांत बसून एकेक काळजी नाव घेऊन प्रभूपुढे ठेवावी.

२. मूल बोलू लागले की हातातले पुस्तक मिटावे.

३. रात्री स्वतःस विचारावे : आज मी कोणाचे बोलणे अर्धवट ऐकले?

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. त्याची आई पुढे बरी झाली. पण त्या रविवारी तो मुलगा वर्गात एकटाच आपले दुःख घेऊन बसला होता, हे मी विसरलेलो नाही.

वर्गासाठी प्रश्न : मार्थेच्या जागी आपण असतो, तर प्रभूने आपल्याला कोणती काळजी दाखवली असती?